आत कोण येणार, ते मी ठरवते

मी वेस बोलतेय. गावाची वेस नव्हे, तिथून हल्ली कोणीही उठावं आणि आत शिरावं. मी रक्तातल्या एका तांबड्या पेशीची वेस आहे. पुस्तकवाले मला प्रद्रव्यपटल म्हणतात. शब्द केवढा अवजड, आणि मी किती जाड? तुमच्या डोक्यावरच्या एका केसाचे उभे दहा हजार पापुद्रे काढलेत, तर त्यातल्या एका पापुद्र्याएवढी. नावं ठेवायची हौस दांडगी, पण पाहायचे कष्ट नकोत.

आणि पटल कसलं? पटल म्हणजे पडदा. पडदा खिडकीला लोंबतो, वारा आला की हलतो, मळला की धुवायला जातो. मी आयुष्यात एक क्षण लोंबले नाही. आत कोण येणार, बाहेर कोण जाणार, कोणाला दारातच थांबवायचं, हे मी दर क्षणाला ठरवत आले. शाळेतली पोरं माझ्याबद्दल 'निवडक्षम' हा एक शब्द पाठ करतात, दोन गुण घेतात आणि मोकळी होतात. निवडणं म्हणजे काय, हे त्यांना काय कळणार? स्वतःच्या पोटात काय ढकलायचं, तेवढंही कधी निवडता आलेलं नाही.

माझी घडण सांगते. स्निग्ध कणांच्या दोन रांगा. प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. म्हणून डोकी बाहेरच्या बाजूंना आणि शेपट्या मध्ये, एकमेकींना चिकटून. कोणी गवंडी आला नाही, कोणी ओळंबा लावला नाही. आवडनिवड पक्की असली की भिंत आपोआप उभी राहते. तुम्हाला एक भिंत बांधायची तर चार माणसं, दोन भांडणं आणि तरी कोपऱ्यात ओल.

माझा जन्म कमरेच्या हाडातल्या मगजात झाला. मला ऐकू कसं येतं, असा शहाणा प्रश्न कोणी विचारायच्या आधी सांगून टाकते: हाडातून आवाज फार छान पोचतो, आणि मी हाडातलीच आहे. पुढे रक्तातून फिरताना तर दर मिनिटाला कानामागून जात होते. जे काही सांगणार आहे, ते बहुतेक सगळं कानांनी ऐकलेलं आहे, उरलेलं त्यावरून ताडलेलं.

चांगल्या माणसात आमची भरती मूत्रपिंडांच्या निरोपावरून होते. रक्तात प्राणवायू कमी पडला की ती मगजाला कळवतात, पेशी पाठवा. माझ्या मालकाची दोन्ही मूत्रपिंडं कधीच सुकली होती. निरोप द्यायला घरात कोणी उरलंच नव्हतं. म्हणून आठवड्याला दंडात एक सुई, आणि त्या सुईच्या हुकमावरून मी जन्मले. असल्या भाडोत्री निरोपावर जन्म घ्यायला मला कमीपणा वाटला. पण जन्म काय कोणी निवडून घेतो? तेवढी एकच निवड माझ्या हातात नव्हती.

सुरुवातीला आमच्यात एक कारभारी होता, केंद्रक. सगळ्या पेशींत तोच मोठा, त्याच्याकडेच सगळे कागद, तो सांगेल तसं सगळ्यांनी वागायचं. रक्तात उतरायची वेळ आली तेव्हा आम्ही त्याला बाहेर काढला. हो, चक्क ढकलून दिला. त्याच्या जागी माल भरता येतो. पण त्याची किंमतही मोजली: कारभारी गेला म्हणजे दुरुस्ती बंद. माझ्यात जे फाटेल ते फाटलेलंच राहणार. ते कबूल करून मी रक्तात उतरले. तुमच्यातले कितीजण असा कागदी कारभारी उराशी धरून जन्म काढतात, ते मी पाहिलंय.

माल म्हणजे हिमोग्लोबिन. लाल रंग तिचा, कौतुक तिचं, दर महिन्याच्या तपासणीत नाव तिचं. "हिमोग्लोबिन किती आलं?" असं सगळे विचारतात. तिला सांभाळून ठेवणारी कोण, हे एकाच्या तोंडून ऐकलं तर शपथ. मी नसते तर ती बाई रक्तात विरघळून लघवीवाटे गेली असती. आता या मालकाला लघवीही होत नव्हती, ते सोडा.

माझ्या वेशीचे नियम ऐका, परत परत सांगणार नाही.

प्राणवायू आणि कर्बवायू यांना मी अडवत नाही. ते बारीक आहेत, स्निग्ध रांगांतून सरळ पार होतात. जिकडे दाटी जास्त, तिकडून कमी दाटीकडे. गर्दीतून मोकळ्या जागेत सरकायला कोणाला शिकवावं लागत नाही.

साखरेला रांगांतून जाता येत नाही. तिच्यासाठी माझ्यात ठरलेले वाहक बसवलेत. साखर येऊन बसली की वाहक कूस बदलतो आणि तिला आतल्या अंगाला उतरवतो. दुसरं कोणी बसलं तर ढिम्म हलत नाही.

पाण्यासाठी वेगळी मोरी आहे. पाणी आपल्या मर्जीने फिरतं, जिकडे क्षार जास्त दाट तिकडे धावतं. बाहेरचं मीठ दाट झालं तर पाणी मला सोडून बाहेर, मी सुरकुतले. बाहेरचं पातळ झालं तर पाणी आत, मी फुगले. फार फुगले तर फाटले. पाण्याइतकं निर्लज्ज काही नाही. त्याला ना घर, ना निष्ठा.

आणि सोडियम, पोटॅशियम. यांच्यापायी मी झिजले. सोडियम बाहेर ढीगभर, त्याला सारखं आत यायचंय. पोटॅशियम आत ढीगभर, त्याला सारखं बाहेर पळायचंय. दोघंही चोरपावलांनी फटींतून सरकतात. मग मी पंप मारते: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. पुन्हा तीन बाहेर, दोन आत. हे फुकट होत नाही, याला साखर जाळावी लागते. उताराने तर कोणीही जातं, चढाने ढकलायला अंगात काहीतरी लागतं. मी जन्मभर चढाने ढकलत आले, आणि तुम्ही म्हणता पटल!

आता मालक. मालक कुलूपवाला होता. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या पाडायच्या, आपल्याच घराबाहेर अडकून पडलेल्या लोकांना आत घ्यायचं. एका गल्लीच्या तोंडाशी दुकान, आत एक चिमटा, एक चाक आणि भिंतभर कोऱ्या किल्ल्या. हसू आलं मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. सात लिव्हरचं कुलूप बनवलं म्हणून हा माणूस गल्लीत मान वर करून चालतो! माझ्या अंगावर लाखो दारं आहेत, प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं, आणि एकालाही किल्ली पाडावी लागली नाही.

घरात तो आणि त्याची लेक. लेक चाळिशीची, एकटी, बापाच्याच धंद्यात वाढलेली. दोघंही तुसडे. एकमेकांशी बोलणं असं की परक्याला वाटावं भांडण चाललंय.

आठवड्यातून तीनदा लेक त्याला डायलिसिसच्या केंद्रावर न्यायची. लांबट खोली, दोन्ही बाजूंना पलंग, प्रत्येक पलंगाशी एक यंत्र. दारातच वजनकाटा. काट्यावर उभं राहायचं, आकडा लिहायचा, त्यातून कोरडं वजन वजा करायचं. कोरडं वजन म्हणजे अंगात फालतू पाणी नसताना माणूस भरतो ते. माझ्या मालकाचं पहिल्याच आठवड्यात ठरलं होतं: अठ्ठावन्न. काटा साठ म्हणाला तर दोन लिटर पाणी काढायचं. एवढं सोपं गणित, आणि तेवढ्यावर एका माणसाचा जीव.

मग दंडात दोन जाड सुया, आणि आम्ही सगळ्या नळीतून बाहेर. एक चाक नळी दाबत दाबत आम्हाला पुढे ढकलतं. ते चाक अंगावरून गेलं की कळतं, माणसांनी यंत्र बनवताना पेशींना विचारलेलं नाही. पुढे एक पारदर्शक नळकांडं आणि त्यात केसासारख्या हजारो पोकळ नळ्या. तिथे आमच्या अंगाभोवतीची घाण भोकांतून पलीकडच्या पाण्यात जायची.

ते नळकांडं स्वतःला माझा भाऊबंद समजत होतं. माझा भाऊबंद! त्याच्यापाशी आहे काय, तर भोकं. लहान असेल ते गेलं, मोठं असेल ते राहिलं. पंप नाही, वाहक नाही, ओळख नाही, पारख नाही. युरिया गेला, पोटॅशियम गेलं, त्यांच्यासोबत कामाची जीवनसत्त्वंही गेली, त्याला त्याचं सोयरसुतक नाही. पिठाची चाळण यापेक्षा जास्त विचार करते. तरीही मालक त्याच्यामुळेच जगत होता, हे मी नाकारत नाही. तेवढी खोटी मी नाही.

मालकाची एक सवय सांगायला हवी. किल्ल्यांचा जुडगा तो कधी खाली ठेवायचा नाही. कोऱ्या किल्ल्या, दोन कानशी, कुलूप उघडायचे दोन-तीन आकडे, सगळं एका कडीत ओवून कमरेच्या पट्ट्याला, ढगळ सदऱ्याच्या आत. वर फलालीनच्या कापडाची गुंडाळी, आवाज होऊ नये म्हणून. त्यांच्या धंद्यातला शिरस्ता आहे तो. परक्याच्या घरात कुलूपवाल्याने किल्ली वाजवायची नाही. किल्ल्यांची खुळखुळ ऐकली की गिऱ्हाईक दचकतं, उद्या घरातली वाटी हरवली तरी बोट याच्याकडे. केंद्रावरही तो तसाच यायचा. काट्यावर उभा राहायचा, पलंगावर पडला की जुडगा गुपचूप उशीखाली, उठला की पुन्हा कमरेला, मग परतीचं वजन. कोणाला पत्ता नाही. लेक बाहेर बाकावर बसलेली, आणि यंत्रावरची बाई काट्याकडे बघणार की सदऱ्याच्या आत?

मी जन्मून दोन-तीन आठवडे झाले असतील. मालकाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, कानस हातातून निसटायला लागली. एका सकाळी लेक म्हणाली, "बाबा, जुडगा द्या."

"कशाला?"

"दुकान मी उघडणार. तुम्ही खुर्चीत बसा आणि चुका काढा, तेवढं तुम्हाला छान जमतं."

"तुला आकडा धरता येतो का नीट?"

"तुमच्यापेक्षा बरा. तुमच्या हातून काल दोनदा पडला."

त्याने सदरा वर केला. पट्टा सोडला, जुडगा दिला. छातीतला ठोका जरा चुकला, मी तेव्हा तिथूनच जात होते. मला वाटलं, माणसाचं काय हे! लोखंडाचे चार तुकडे दिले आणि हृदय चुकतंय.

त्याच दिवशी केंद्रावर काटा सव्वाअठ्ठावन्न म्हणाला. यंत्रावरची बाई खूश.

"वा काका! पाव लिटर फक्त! पाणी एकदम कमी प्यायलात की."

"नेहमीएवढंच प्यायलो."

"राहू दे हो, कौतुक केलं की घ्यावं."

पाव लिटर काढलं आणि त्याला घरी धाडलं. पुढच्या खेपेला काटा पुन्हा साठ, पुन्हा दोन लिटर, पुन्हा अठ्ठावन्न. आकडे पूर्वीसारखेच. कागदावर सगळं छान.

आणि इथे माझ्याभोवती पाणी वाढलेलं.

वजन मला कळत नाही, ते माझं काम नाही. मला कळतं ते अंगाला लागलेलं पाणी. यंत्रावरून उतरल्यावर आमच्याभोवती जी दाटी व्हायची, ती होईना. वर लेकीने त्याचं मीठ पार तोडलेलं, म्हणजे साठलेलं पाणी आणखीच पातळ. माझ्या मोरीतून पाणी हळूहळू आत सरकायला लागलं. माझं अंग तट्ट झालं. तांबडी पेशी मध्ये दबलेली हवी, तरच बारीक वाहिनीतून वाकून जाता येतं. मी वाकताना अडायला लागले.

दोन आठवड्यांत मालकाचे घोटे सुजले. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मग जिना चढताना धाप, मग आडवं झालं की श्वास कोंडायचा, मग बसून झोपणं. फुप्फुसातून जाताना मी ऐकत होते, तळाशी पाण्याची बुडबुड. प्राणवायू मला नेहमी दारातच भेटायचा, आता पाण्याच्या पलीकडून हात हलवत उभा.

लेकीने एका क्षणात निकाल दिला. "तुम्ही चोरून पाणी पिताय."

"नाही."

"पायांकडे बघा स्वतःच्या! खांब झालेत."

"नाही प्यायलो म्हटलं ना."

"मग काय हवा भरली त्यात?"

माणसांचं हे असं. दिसलं काय, तर सूज. समजलं काय, तर चोरी. मधे एक पायरी आहे, ती कोणी चढत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप घातलं. पितळेचं, स्वतः बनवलेलं. दिवसाला चार पेले, मोजून, तिच्या हातून. मालक दारासमोर खुर्ची टाकून बसला. त्याची जीभ लाकडासारखी झाली होती. तहान वाढली होती ती वेगळीच.

"मला कुलूप लावलंस?"

"तुम्हाला नाही. पाण्याला."

"तीनच लिव्हर घातलेत. पिनेने उघडेल."

"उघडा की मग. मलाही कळू दे."

तिने केसातली पीन काढून त्याच्या हातात दिली आणि दुकानात निघून गेली. दिवसभर तो त्या पिनेकडे आणि त्या कुलपाकडे बघत बसला. चाळीस वर्षं गावाची कुलपं उघडणारा माणूस आणि समोर तीन लिव्हरचं खेळणं. त्याने हात लावला नाही. मी साक्षीदार आहे. त्या दिवशी रक्तात आलेला प्रत्येक थेंब त्या चार पेल्यांतला होता. पण साक्ष देऊ कोणापुढे? मला तोंड नाही, आणि ज्यांना तोंडं आहेत ती सगळी बोलण्यात गुंतलेली.

संध्याकाळी लेक आली, कुलूप पाहिलं, पीन त्याच्या मांडीवर पाहिली. "न्हाणीघरातल्या नळाला कोण कुलूप लावणार?" असं पुटपुटली.

ते त्याच्या वर्मी लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो न्हाणीघराचं दार उघडं टाकून तोंड धुवायला लागला, तिला दिसावं म्हणून. म्हातारा माणूस, उघड्या दारात, लेकीकडे पाठ करून ओंजळ तोंडावर मारायचा आणि ओठ घट्ट मिटून घ्यायचा. तिने पाहिलं नाही असं दाखवलं. तहान सोसता येते त्याला, ते मी ओळखून होते. पण आपल्या शब्दाला घरात किंमत नाही, हे त्याला सोसत नव्हतं. त्या दिवसांत त्याच्या छातीचे ठोके मी मोजलेत. श्वासापेक्षा तेच जास्त बिघडले होते.

केंद्रावर डॉक्टर आले. कागद पाहिला. माणूस नंतर पाहिला.

"वजन तर बरोबर उतरतंय, अठ्ठावन्नच."

"पण डॉक्टर, दम लागतो यांना," लेक म्हणाली.

"थोडं जास्त काढून बघू."

आणि काढलं. कसं? शेवटच्या तासात घाईघाईने अर्धा लिटर. अहो, पाणी साठलं होतं ते पेशींच्या आजूबाजूला, मांसात, घोट्यांत. तिथून वाहिनीत यायला त्याला वेळ लागतो, झिरपत यायचं असतं. हे ओढतात वाहिनीतून. वाहिनी रिकामी, मांस तुडुंब. मालकाच्या पोटऱ्या आखडल्या, दाब उतरला, डोळे फिरले.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाले, "याच्यापुढे काढायला पाणी नाहीच. हृदय दमलंय यांचं. वय आहे. असंच चाललं तर भरती करावं लागेल, आणि मग..." ते लेकीला बाजूला घेऊन बोलले. खालच्या आवाजात बोललं की रुग्णाला ऐकू येत नाही, अशी डॉक्टरांची समजूत असते.

मालकाने सगळं ऐकलं. घरी जाताना म्हणाला, "मी मेलो तरी चालेल. पण मी पाणी प्यायलो नाही, एवढं लक्षात ठेव."

"बोलू नका, दम लागतो," लेक म्हणाली. ते उत्तर होतं का? ती टाळाटाळ होती. रात्रंदिवस मी दारावर उभी असते, टाळाटाळ मला लगेच ओळखू येते.

त्यानंतरच्या तिसऱ्या खेपेला लेकीने मालकाला रिक्षाने पुढे धाडलं आणि ती दुकानातून थेट केंद्रावर आली. एका गिऱ्हाईकाची जुनी तिजोरी अडकली होती, तिच्या हातून उघडत नव्हती, बापाला विचारायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी विचारलं. जुडगा तिच्या हातात, त्याच कापडात गुंडाळलेला. वजनाची रांग पुढे सरकत होती, म्हणून वजनाच्या वेळी ती पहिल्यांदाच काट्याशी आली.

"बाबा, यातला कुठला आकडा?"

"आण इकडे." त्याने जुडगा घेतला आणि सवयीने छातीशी धरून काट्यावर चढला.

यंत्रावरची बाई ओरडली, "साडेएकसष्ट! काका, साडेतीन लिटर? अहो, काय विहीर प्यायलात?"

लेकीचा चेहरा मला दिसला नाही, पण आवाज ऐकला. "ऐकलंत? आता बोला! आता म्हणा नाही प्यायलो!"

"जुडगा आहे हातात," मालक म्हणाला. दमत दमत, पण अगदी थंडपणे.

"मग खाली ठेवा ना तो!" बाई म्हणाली.

त्याने ठेवला. काटा पावणेसाठवर आला. बाई आकडा लिहायला वाकली आणि मध्येच थांबली. हे या संपूर्ण हकीगतीतलं एकमेव डोकं, आणि तेही दोन महिन्यांनी चाललं.

"काका, हे एवढं लोढणं पूर्वी कुठे असायचं?"

"कमरेला."

"केंद्रावर यायचात तेव्हा?"

"तेव्हाही."

"काट्यावर चढायचात तेव्हा?"

"कुलूपवाला किल्ल्या खाली ठेवत नाही, बाई."

"तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

"विचारलं कोणी? आणि वाजवायच्या नसतात त्या."

बाईने जुडगा एकटाच काट्यावर ठेवला. पावणेदोन किलो. म्हणजे कोरडं वजन अठ्ठावन्न होतं ते माणूस अधिक लोखंड. लोखंड गेलं, आकडा तोच राहिला, आणि गेलेल्या लोखंडाच्या जागी यांनी पावणेदोन लिटर पाणी त्याच्या अंगात ठेवून दिलं. दर खेपेला. मोजून. सही करून.

लेकीने जुडगा उचलला, पुन्हा कापडात गुंडाळला. "मीच काढून घेतला होता," एवढंच म्हणाली.

"अगं, आकडा डावीकडचा," मालक म्हणाला. "वाकडा. तिजोरीला तोच लागतो."

डॉक्टर धावत आले. नवा आकडा लिहिला, सव्वाछप्पन्न. चूक कोणाची यावर तिथे उभ्या उभ्या चर्चा झाली आणि ती काट्यावर ढकलण्यात आली. काटा बिचारा जे ठेवाल ते तोलतो. मला त्याची पहिल्यांदाच दया आली. त्याच्याइतकं सोशीक व्हायला मला जमलं नसतं.

या वेळी घाई केली नाही. दर खेपेला थोडं थोडं, सहा खेपा. पाणी मांसातून झिरपत वाहिनीत आलं, नळकांड्यातून पलीकडे गेलं. माझ्याभोवती दाटी परत आली. आत शिरलेलं पाणी आल्या वाटेने निघून गेलं, मी पुन्हा मध्ये दबले, पुन्हा वाकायला लागले. प्राणवायू दारात आला. मालक आडवा झोपला, आणि त्याच्या घोरण्याने मी वैतागले.

स्वयंपाकघराचं कुलूप लेकीने काढलं. क्षमा वगैरे मागितली नाही, त्या घरात ती भाषाच नाही. कुलूप त्याच्यापुढे टाकून म्हणाली, "तीन लिव्हरचं झालं होतं खरं."

"चौथा घाल. आणि स्प्रिंग कडक लाव."

"दाखवा कशी."

आता ते दोघं दुकानात शेजारी बसतात आणि दिवसभर एकमेकांच्या चुका काढतात. गिऱ्हाईकांना वाटतं भांडण चाललंय.

माझे दिवस भरलेत. चांगल्या रक्तात आम्ही चार महिने टिकतो, या रक्तात तीनच. युरियाने अंग खाल्लंय, पंप धापा टाकतो, सोडियम आत घुसतं ते पूर्वीसारखं लगेच निघत नाही. अंगाचा पापुद्रा ताठ झालाय. प्लीहेत अरुंद फटी असतात. तरण्या पेशी त्यातून सहज वाकून जातात, माझ्यासारखी अडकते. अडकली की तिथली पांढरी भक्षक पेशी तिला अख्खी गिळते. त्या नळकांड्यानंतर ही माझी दुसरी नावडती. दार नाही, पारख नाही, अंगच पुढे करायचं, भोवती लपेटायचं आणि गिळायचं. तिच्या तोंडी जाणं हा माझ्यासारखीचा अपमान आहे. पण लोह तरी नव्या पेशींना मिळेल. हिमोग्लोबिनचं नाव पुन्हा होईल, माझं होणार नाही.

मागणं म्हणाल तर एकच. माणसाला काट्यावर चढवाल तेव्हा त्याच्या सदऱ्यात काय आहे ते विचारा. विचारायला पैसा पडत नाही. आणि कोणी सुजलेला दिसला तर आधी त्याच्यावर पहारा बसवू नका. आम्हाला पहारा कळतो. आत येणाऱ्याला ओळखल्याशिवाय आम्ही कोणाला चोर म्हणत नाही.

आज सकाळी मालक उठला, स्वयंपाकघरात गेला. लेक तिथेच होती, पाठमोरी. त्याने पेला घेतला, नळ सोडला, अर्धा पेला भरला आणि तिच्यासमोर प्यायला. मागितलं नाही, सांगितलं नाही. नळ वाजलेला तिला ऐकू गेला असणारच. ती वळली नाही.

ते पाणी थोड्या वेळाने माझ्यापर्यंत आलं. गार होतं. मी आत घेतलं.